लेकीच्या तोंडातली वस्ती

मी माझ्या मुलीचं सगळ्यात आधी तोंड पाहिलं. चेहरा अशा अर्थानं म्हणत नाही. तोंडच, आतून.

आमची बोट तेव्हा एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती. मी इंजिनरूममध्ये ऑइलर. पाळी संपवून वर आलो, हातावरचं तेल पुसलं आणि मेसमध्ये जिथं वायफाय नीट मिळतो त्या कोपऱ्यात जाऊन बसलो. रत्नागिरीहून मेव्हणीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन इतका जवळ धरला होता की पडदाभर नुसतं एक उघडं तोंड दिसत होतं. गुलाबी हिरड्या, मध्ये थरथरणारी इवलीशी जीभ, वर टाळू. पोर जिवाच्या आकांतानं रडत होती, पण आवाज पोचत नव्हता. मग चित्रही गोठलं. ते तोंड तसंच उघडं राहिलं आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. शेजारी बसलेल्या फिलिपिनो फिटरनं वाकून पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मुलगी महिनाभर आधीच आली होती. आमच्या गावाहून, बुरोंडीहून, माझ्या बायकोला घाईघाईनं रत्नागिरीला नेलं, कारण तिची बहीण तिथं राहते आणि मोठ्या हॉस्पिटलची तिला माहिती होती. पोरीला काचेच्या पेटीत ठेवलं. रक्तात जंतू असतील अशी शंका आली म्हणून अँटिबायोटिक सुरू केलं. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळत होतं. अर्धं वाक्य यायचं, नेटवर्क जायचं, उरलेलं वाक्य मी मनात पुरं करायचो आणि ते नेहमी वाईटच पुरं व्हायचं.

पण पोर चिवट निघाली. पेटीतून बाहेर आली, घरी गेली. आमचं घर खाडीच्या अंगाला, होड्या ओढून ठेवतात त्याच्या वरच्या बाजूला. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, नात घरात घेतली. मला वाटलं, संपलं आता. पुढच्या फोनवर बायको रडत होती.

"दूध ओढत नाही हो ती. तोंड लावते आणि लगेच सोडून किंचाळते."

तिनं फोन पोरीच्या तोंडाशी नेला. जिभेवर आणि गालाच्या आतल्या बाजूला पांढरे चट्टे होते. आईला आधी वाटलं की दूधच साकळून बसलंय. तिनं बोटाला ओलं फडकं गुंडाळून पुसायला घेतलं, तर खालून लालभडक कातडी दिसली. तेव्हा दोघी घाबरल्या आणि रिक्षा करून दापोलीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, बुरशी आहे, घाबरू नका, थेंब देतो.

"आणि एक सांगितलं त्यांनी," बायको म्हणाली. "म्हणे तोंडात चांगले जंतूपण असतात. ते नुकते कुठं येऊन राहायला लागले होते तेवढ्यात औषध सुरू झालं, त्यात वाईटांबरोबर तेही गेले. जागा मोकळी बघून बुरशी बसली. आता चांगले परत येतील म्हणे."

"कुठून येतील?"

"माझ्याकडून. दुधातनं, अंगावरनं. घरातल्या सगळ्यांकडून."

फोन कट झाला. मी मेसमध्ये बसून त्या वाक्याचा विचार करत राहिलो. घरातल्या सगळ्यांकडून.

तोवर जंतू म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर टूथपेस्टच्या जाहिरातीतला शिंगंवाला काळा किडा यायचा. चांगले जंतू ही गोष्ट माझ्या गावीही नव्हती. पण बोटीवर वेळ भरपूर असतो. वायफाय मिळेल तेव्हा मी शोधून शोधून वाचायला लागलो. इंग्रजी जड जायचं, एकेक पान दोनदा वाचायचो. त्यातून जे उमगलं ते असं. बाळ जन्मतं तेव्हा त्याचं तोंड जवळजवळ रिकामं असतं. मग काही तासांतच तिथं वस्ती व्हायला लागते. आधी येतात ते मऊ जागेवर राहू शकणारे, जिभेवर, गालांच्या आत. ते आईच्या अंगावरून येतात, दुधातून येतात, जो कोणी बाळाला उचलून त्याच्या तोंडापाशी तोंड नेऊन बोलतो त्याच्या श्वासातून येतात. बाळ हात चोखतं, चादर चोखतं, आत्याच्या गळ्यातली पोत चोखतं, तिथून येतात. महिन्यामहिन्यानं त्यांच्या जाती वाढतात. आणि हळूहळू बाळाच्या तोंडातली ती वस्ती त्याच्या घरच्या माणसांच्या तोंडातल्यासारखी व्हायला लागते.

हे वाचलं आणि मला काहीतरी आतून टोचलं. माझी मुलगी बुरोंडीत भरत चालली होती. तिच्या तोंडात तिची आई होती, माझी आई होती, शेजारच्या घरातली तिला उचलायला धावणारी पोरं होती. ओटीवर जाळं विणत बसणारा आणि मध्येच तिच्याशी बडबडणारा माझा भाऊ होता. मी कुठंच नव्हतो. फोनवरून तासभर बोललो तरी फोनमधून आवाजच तेवढा जातो.

बुरशी गेल्याचं मला कळलं ते बऱ्याच दिवसांनी. आम्ही मोठ्या समुद्रात होतो, आम्हा खलाशांचं इंटरनेट बंद पडलं होतं. पोर पुन्हा दूध पिते, हा चार शब्दांचा निरोप कॅप्टनच्या ईमेलवरून आला. मी तो इंजिनरूममधल्या सगळ्यांना ओरडून सांगितला. त्या गोंगाटात कोणालाही तो ऐकू गेला नसेल.

सुट्टीवर घरी पोचलो तेव्हा ती सात महिन्यांची झाली होती. शिमग्याचे दिवस होते, गावात पालखी फिरत होती, ढोल वाजत होते. बायको तिला कडेवर घेऊन अंगणात उभी होती. मी बॅग खाली ठेवली आणि हात पुढे केले. पोरीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. फोनमध्ये बघून ओळखीचं हसायची, पण हा एवढा मोठा, घामेजलेला, वास असलेला माणूस बघून तिचा खालचा ओठ बाहेर आला, आणि मग तेच तोंड उघडलं, तसंच, टाळूपर्यंत. या वेळी आवाज आला.

"राहू दे," आई म्हणाली. "दमानं घे. अजून ओळख नाय तिला."

ओळख नाय. आईनं सहज म्हटलं होतं.

दोन दिवसांनी ती जराशी निवळली. माझ्या मांडीवर बसून शर्टाचं बटण ओढायला लागली. मी न राहवून वाकलो, तिच्या ओठांचा पापा घ्यायला गेलो, तर बायकोनं मध्ये हात घातला.

"तोंडाचा नका घेऊ. गालाचा घ्या, कपाळाचा घ्या."

"का?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. दात यायला झालेत तिला. आपल्या तोंडातली कीड लागते पोरांना. आणि तुमच्या दाढा..."

माझ्या दाढा खरंच वाईट होत्या. बोटीवर गोड चहा आणि बिस्किटं यांवर आम्ही जगतो. दोन दाढा पोखरलेल्या, एक अर्धी तुटलेली. दुखली की गोळी घ्यायची आणि काम करायचं.

बायकोचे नियम घरात कडक होते. पोरीचा चमचा वेगळा, वाटी वेगळी. पेज गरम असली तर फुंकर मारायची नाही, वाटी पाण्यात ठेवून निववायची. चव बघायची तर दुसऱ्या चमच्यानं. या सगळ्याचा आईला मनस्वी राग. आई मासे विकत गावोगाव फिरलेली बाई, तिला कोणी काही शिकवलेलं खपत नाही. त्यात ती सकाळ-संध्याकाळ मिशेरी लावते. सुनेनं एकदा हळूच, पोरीला घेण्याआधी चूळ भरा, असं सांगितल्यापासून दोघींत धुसफूस होती. मी आल्यावर आईनं ती माझ्यासमोर काढली.

"तुला मी माझ्या तोंडातला घास काढून भरवलाय. चावून मऊ करून. मेलास काय?"

"मेलो नाही गो आई. पण हे बघ." आणि मी आ करून तिला माझ्या दाढा दाखवल्या.

आईनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, मासळीच्या गिऱ्हाईकाला कल्ला उघडून दाखवावा तसं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "अगो बाय, ह्या माझ्यामुळं होय?" आणि हसायला लागली. बायकोही आतल्या खोलीतून हसली. त्या दिवसापासून आई चूळ भरून मगच नातीला घ्यायला लागली, पण दर वेळी मोठ्यानं गुळण्या करून, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा.

मी दापोलीला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई होत्या, बोलायला मोकळ्या. एक दाढ काढावी लागली, दोन भरल्या. चार-पाच फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीला तोंड मोकळं होतं तेव्हा मी धीर करून विचारलं.

"मॅडम, आता मी मुलीचा पापा घेतला तर चालेल?"

त्या हसल्या. "अहो, घ्या की गालाचा. तोंडाला तोंड कशाला लावायचं? पण एवढं घाबरूही नका. चमचा वेगळा ठेवला म्हणजे सगळं थांबतं असं नाही. एका घरात राहणाऱ्या माणसांचे जंतू एकमेकांकडे जातातच. तुमची कीड कमी केलीत, तिला साखर उशिरा दाखवलीत, दात आल्या आल्या पुसायला लागलात, की बरंच झालं."

"म्हणजे माझेही जातील तिच्याकडे?"

"कीड करणारे म्हणताय?"

"नाही. साधे. चांगले."

त्यांनी हातमोजे काढता काढता माझ्याकडे पाहिलं. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. "दात नसताना जे येतात ते मऊ जागेवरचे," त्या म्हणाल्या. "दात आले की नवे येतात. त्यांना चिकटायला टणक जागा लागते. म्हणजे तुमच्या मुलीच्या तोंडात आता नवी वस्ती होईल. तुम्ही तिला घेता, तिच्याशी बोलता, एका अंथरुणात झोपता. सोबत राहिलात की आपोआप होतं हे सगळं. वेळ लागतो तेवढा."

सोबत राहिलात की. माझ्या सुट्टीचे किती दिवस उरलेत हे मी त्यांना सांगितलं नाही. थँक यू म्हणालो आणि एसटीत बसलो. आंब्यांच्या बागांमधून गाडी खाली उतरत होती. माझा अर्धा जबडा बधिर होता आणि मला इतकं भरून आलं होतं की कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं तर बोलता येईना. दाढ काढलीय असं मी हातानंच दाखवलं. तो बिचारा कळवळून पुढं गेला.

मग मी ठरवलं, बोलायचं. सकाळी उठल्यापासून तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन बोलायचं. काय बोलणार? मी तिला इंजिनाबद्दल सांगायचो. पंप कसा चालतो, फिल्टर कसा साफ करतात. ती ऐकून घ्यायची, माझ्या ओठांना हात लावायची, मग तोच हात तोंडात घालायची. बायको बघायची आणि आपलं काम करत राहायची.

एका दुपारी ती मांडीवर किरकिर करत होती, लाळेनं गळ्याखालचं फडकं भिजलं होतं. हिरड्या शिवशिवत असणार. मी साबणानं हात धुऊन तिला करंगळी दिली. ती चावायला लागली. हिरड्यांत केवढं बळ असतं! आणि अचानक बोटाला काहीतरी खरखरलं. तांदळाची कणी रुतावी तसं. मी बोट फिरवून पुन्हा चाचपलं.

"अगं ये इकडे! लागलं काहीतरी बोटाला!"

बायको पिठाच्या हातानं धावत आली. आई आली. पोरीचा खालचा ओठ ओढून पाहिलं, तर हिरडीतून पांढरी रेघ वर आलेली.

"दात!" बायको म्हणाली. "काल नव्हता."

"मला सापडला," मी म्हणालो. पोरासारखं तेच परत परत म्हणत राहिलो. तिचं पहिलं रडणं, पहिलं हसणं, पालथं पडणं, सगळं मला फोनवर कळलेलं. हा एकच दात माझ्या बोटाला आधी लागला होता.

त्या संध्याकाळी अंगणात बसलो असताना बायकोनं मला बुरशीच्या दिवसांची गोष्ट सांगितली, जी फोनवर कधी नीट सांगता आली नव्हती. पोर भुकेनं रडायची आणि ही जवळ घ्यायची तर दुखून रडायची. छातीत दूध साकळून हिलाच ताप आला होता. मग एका सकाळी पोरीनं तोंड लावलं आणि सोडलंच नाही. पोट भरेपर्यंत प्यायली. ही हलली नाही, पाय बधिर झाला तरी. पोर झोपली तेव्हा हिनं तिचं तोंड हळूच उघडून पाहिलं, तर जीभ स्वच्छ गुलाबी.

"तुम्हाला सांगायचं होतं मला लगेच," ती म्हणाली. "फोन लावत राहिले. लागेना. मग आईंना सांगितलं, पण त्यांना काय, त्या म्हणाल्या, होणारच होतं बरं. मला तुम्हालाच सांगायचं होतं."

तोपर्यंत मला वाटत होतं की दूर राहून झुरणारा मी एकटाच. ती त्या घरात माणसांनी वेढलेली होती आणि तरी ती माझी वाट बघत होती, हे मला तेव्हा समजलं. मी तिचा हात धरला. शेजारून कोणीतरी जात होतं, तिनं तो सोडवून घेतला, पण लगेच नाही.

सुट्टी संपली, मी गेलो. पुढचा करार लांबला. या काळात दात फोनवरूनच आले. बायको म्हणायची, "दाखव बाबांना," आणि पडदाभर ते तोंड यायचं. वरचे दोन, बाजूचे, मग दाढा. दर वेळी मी मनात म्हणायचो, आणखी जागा झाली, आणखी कोणी येऊन राहिलं असेल. तिच्या बोलण्यात शब्द आले. पहिला शब्द "मासा" होता असं आई म्हणते, बायको म्हणते "आजी". मला दोघींचंही खरं मानणं भाग आहे.

पुन्हा घरी आलो तेव्हा ती चालत होती. या वेळी रडली नाही. दाराआडून बघितलं, मग दिवसभर माझ्यामागे लांबून फिरली. दुसऱ्या दिवशी मी ओटीवर चहा पीत बसलो होतो. ती तांदळाच्या भाकरीचा तुकडा चघळत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मग स्वतःच्या तोंडातून तो भिजलेला, दातांचे ठसे उमटलेला तुकडा काढला आणि माझ्या ओठांवर दाबला.

"घे," म्हणाली.

मी बायकोकडे पाहिलं. ती चुलीपाशी होती, तिनं सगळं बघितलं होतं.

"खा की," ती म्हणाली. "तुमच्याकडून तिला नको, असं सांगितलंय. तिच्याकडून तुम्हाला नको, असं कुणी नाही सांगितलं."

मी तोंड उघडलं. तुकडा कोमट होता, थोडा खारट, नाकाचं पाणीही लागलेलं असणार. मी तो चावला, गिळला. पोरीनं लक्ष देऊन पाहिलं, तोंडात खरंच गेला का याची खात्री केली आणि दुसरा तुकडा आणायला पळाली. मी वर्षभर हिशेब करत बसलो होतो की माझं काही तिच्यात कसं जाईल. उलटही होऊ शकतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या घरात इतके महिने जे काही तिच्यात साठलं होतं, तिची आई, माझी आई, ओटीवरची बडबड, त्यातलं काहीतरी ती मला घासानं भरवत होती. त्या सुट्टीत मी कितीतरी उष्टे तुकडे खाल्ले. आई म्हणायची, बापाला भरवणारी पोर मी पहिल्यांदा बघते.

निघायच्या आदल्या दिवशी पोरीला सर्दी झाली. नाक वाहत होतं, तशीच ती माझ्या खांद्यावर झोपली. मुंबईला जाऊन विमान पकडलं, बोट गाठली आणि तिथं पोचतो न पोचतो तोच मला शिंका सुरू झाल्या. डोळे लाल, घसा धरलेला. सर्दीचे जंतू वेगळे, ते तोंडात घर करून राहत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी ही सर्दी तिच्याकडून आलेली होती. चीफ इंजिनिअरनं गोळ्या दिल्या आणि सगळ्यांपासून लांब राहून काम कर असं बजावलं. फिटरनं जेवताना खुर्ची दूर ओढली.

संध्याकाळी फोन लागला. बायको म्हणाली, "तिची अजून गेली नाही. तुम्हाला पण झाली?" पोर फोनमध्ये डोकावली आणि मला शिंकताना बघून खदखदून हसली. तिला वाटलं मी तिची नक्कल करतोय. मग तीही खोटं खोटं शिंकायला लागली. आम्ही दोघं शिंकत राहिलो, नेटवर्क जाईपर्यंत.

गोळ्या मी घेतल्या नाहीत, कपाटातच ठेवल्या. सर्दी आपली आठवडाभर राहिली आणि गेली. ज्या सकाळी नाक मोकळं झालं त्या सकाळी खाली उतरताना इंजिनचा वास पुन्हा स्पष्ट आला. तेलाचा, गरम लोखंडाचा. मी शिडीवर क्षणभर थांबलो. मग खालून कोणीतरी हाक मारली आणि मी कामाला लागलो.